बडोदा प्रांत पंचायत: पणजोबा निवडून आले होते की नेमले गेले होते?

नर्मदाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात चार पिढ्या झाल्या. त्याआधीचं घर शिनोरला, नर्मदेच्या काठी. तिथल्या पेटीत जुन्या कागदांचं एक बोचकं निघालं, त्यात १९११ सालचा एक छापील कागद आहे. भाषा गुजराती, वर गायकवाड सरकारचा शिक्का, खाली सुभेसाहेबांच्या कचेरीची सही. पणजोबांना "प्रांत पंचायतीचे सभासद" म्हणून सभेला बोलावलं आहे. सभेपुढचे विषयही दिले आहेत: एका रस्त्याची खडी, दोन विहिरी, धर्मशाळेची दुरुस्ती.

आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलोय की पणजोबा इलेक्शन जिंकले होते. आजी सांगायची, शिनोरमध्ये वाजतगाजत मिरवणूक निघाली होती.

या कागदामुळे मी बडोदा जिल्ह्याच्या मंडळाचा निवडणुकांचा इतिहास जुळवायला घेतला आहे. साल, एकूण जागा, कुठल्या मतदारसंघातून कोण, किती मतं, कुठला पक्ष, असा तक्ता केलाय. अलीकडचा भाग बरा जमतोय. १९९५ पासून २०००, २००५, २०१०, २०१५ आणि मग २०२१ अशा जिल्हा पंचायतीच्या निवडणुका ओळीने लागतात. त्याच्या मागे १९८७. आणखी मागे १९६३ पर्यंत कसंबसं जाता येतं. त्यापूर्वीची पानं कोरी आहेत. १९११ च्या मतदारयाद्या कुठे मिळतील? शिनोर हा स्वतंत्र मतदारसंघ होता का? पणजोबांच्या विरोधात कोण उभं होतं, हे कळायचा काही मार्ग आहे का? कुणाला माहिती असेल तर कृपया सविस्तर लिहा. मला हे नीट करायचं आहे.

कोथरूडकर

छान विषय. आमच्याकडे जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या, त्याआधी जिल्हा लोकल बोर्डं होती. मुंबई इलाख्याचा लोकल बोर्डांचा कायदा १८८४ चा, मग १९२३ चा नवा. माझ्या आजोळी सातारा जिल्हा लोकल बोर्डाच्या निवडणुकांच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात. बडोद्यालाही हाच कायदा असेल ना? मग मुंबईच्या पुराभिलेखागारात मतदारयाद्या मिळायला हव्यात.

दप्तरीकाका

नर्मदाकाठ ताई, सर्वात आधी एक विनंती. त्या कागदाला लॅमिनेशन करू नका आणि चिकटपट्टी लावू नका. पातळ सुती कापडात गुंडाळून सपाट ठेवा.

मी तालुका पंचायतीत कारकून म्हणून लागलो आणि निवृत्त होईपर्यंत पंचायतीचाच माणूस राहिलो. आमच्या कचेरीत संस्थानच्या वेळची काही दप्तरं होती. ती चाळायची सवय तेव्हा लागली ती सुटली नाही. त्यामुळे जरा लांब लिहितो, चालवून घ्या.

कोथरूडकर साहेब, मुंबईला जाऊन ताईंच्या हाती काही लागायचं नाही. बडोदा १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधी इथे कायदा गायकवाडांचा. मुंबईचा १८८४ चा कायदा आला तो व्हाइसरॉय रिपन साहेबांच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर, आणि तो वरून खाली आला. जिल्ह्याचं बोर्ड आधी, तालुक्याचं त्याबरोबर, आणि गावाचा नंबर लागला १९२० च्या ग्रामपंचायत कायद्यात. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी उलट्या टोकाला हात घातला. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी ग्रामपंचायती उभ्या केल्या आणि त्यांच्यावर तालुका नि प्रांत रचला. हा कायदा १९०४ चा. त्याच वर्षी रमेशचंद्र दत्त महसूलमंत्री म्हणून बडोद्यात आले. आयसीएसमधून निवृत्त झालेले, १८९९ च्या लखनौ काँग्रेसचे अध्यक्ष. स्थानिक स्वराज्याचं काम १९०५ पासून चालू झालं त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे दिवाण झाले आणि १९०९ मध्ये बडोद्यातच वारले.

आता रचना बघा, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर तिच्यात आहे. आपल्या जुन्या घरातली मडक्यांची उतरंड आठवा, तशी. सर्वात खाली ग्रामपंचायत. पाच ते नऊ सभासद, निम्मे निवडलेले, निम्मे नेमलेले. गावचा पाटील अध्यक्ष. तलाटी आणि शाळेचे मास्तरही पंचायतीत बसायचे. त्यावर तालुक्याचं बोर्ड. त्यातल्या निवडून यायच्या जागा भरायच्या त्या गावपंचायतींकडून. सर्वात वर प्रांताचं बोर्ड, म्हणजे तुमच्या कागदावरची प्रांत पंचायत. तिथे तालुका बोर्डांनी आपली माणसं पाठवायची. उरलेले सरकारी अंमलदार आणि सरकारने नेमलेले प्रतिष्ठित गृहस्थ. खुर्चीवर प्रांताचा सुभा, म्हणजे आजचा कलेक्टर.

म्हणून ताई, १९११ ची प्रांत पंचायतीची मतदारयादी तुम्हाला कुठेच मिळणार नाही. ती तशी नव्हतीच. रयत मत द्यायची ती फक्त गावात. त्यापुढची प्रत्येक पायरी खालच्या पायरीवरच्या सभासदांनी भरायची. तुमचे पणजोबा निवडून गेले असतील, तर त्यांचे मतदार म्हणजे शिनोर तालुका बोर्डाचे सभासद, सगळे एका खोलीत मावतील इतके. पक्ष नाही, चिन्ह नाही, प्रचारसभा नाही. तक्त्यातला पक्षाचा रकाना त्या काळापुरता काढून टाका आणि त्याच्या जागी "कोणी पाठवलं" असा रकाना घ्या. त्या काळच्या निवडणुकीचा इतिहास याच रकान्यात आहे.

आजींची आठवण मात्र खोटी मानू नका. प्रांताच्या सभेवर आपल्या गावचा माणूस जाणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. नेमलेला असो की निवडलेला, गावाने वाजतगाजत आणलं असेल. आपल्या मराठी घरांमध्ये "नेमणूक झाली" आणि "निवडून आले" हे पुढच्या पिढ्यांपर्यंत एकच होऊन गेलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

आणखी एक, आणि हे तुमच्या तक्त्यासाठी सर्वात महत्त्वाचं. जिल्हा तोच राहिलेला नाही. बडोदा प्रांतात तेव्हा पादरा, डभोई, शिनोर, सावली, वाघोडिया, संखेडा, हल्लीचं करजण हे तर होतेच, पण चरोतरातलं पेटलाद आणि भादरणही होतं. हा सगळ्यात सुपीक आणि जागा मुलूख. प्रजामंडळाची, म्हणजे संस्थानच्या प्रजेच्या संघटनेची, चळवळ तिथेच तापली. प्रजामंडळ स्थापन झालं १९१६ मध्ये, पण जबाबदार राज्यपद्धतीची मागणी खरी घुमली ती १९३८ च्या भादरण अधिवेशनात, अध्यक्षस्थानी वल्लभभाई. विलीनीकरणात पेटलाद नि भादरण खेडा जिल्ह्यात गेलं, आणि बडोद्याला जोडलं गेलं छोटा उदेपूर संस्थान, नसवाडी, जबुगाम हा आदिवासी पट्टा. म्हणजे जिल्ह्याच्या बोर्डाचा मतदारच बदलला. चरोतरचा पाटीदार गेला आणि राठवा, भिल्ल, नायक आले. १९३० च्या बोर्डाची १९६३ च्या जिल्हा पंचायतीशी थेट तुलना केलीत तर निष्कर्ष चुकतील.

बाकी तीन प्रांतांचंही असंच पांगलं. कडी प्रांताचा, म्हणजे पुढच्या मेहसाण्याचा, आणि अमरेलीचा स्वतंत्र जिल्हा झाला. नवसारी सुरतेत गेली. त्यामुळे बडोदा संस्थानच्या बोर्डांचा एकत्र इतिहास कुणी लिहिलेला सापडत नाही.

नर्मदाकाठ

काका, किती आभार मानू! दोन दिवस मी नुसती मतदारयाद्यांच्या मागे होते. कागद कापडात ठेवला. तुम्ही म्हणता तसा "कोणी पाठवलं" हा रकाना घेतला आहे. पण मग १९४९ ते १९६३ मध्ये काय होतं?

फतेहगंज_मावशी

मी राज्यशास्त्र शिकवत होते, त्यामुळे राहवत नाही. दप्तरीकाकांची माहिती बरोबर आहे, पण चित्र फार सोज्वळ झालंय. निम्मे नेमलेले, वर सुभा अध्यक्ष, मत जमीन नि कर यांच्याशी बांधलेलं. ज्याच्या नावावर काही नाही तो गावाच्या पायरीवरही बाहेरच. शेतमजूर बाहेर. बायकांच्या नावावर जमीन असायचीच किती?

आणि जातीचं काय? महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, ते मी विद्यार्थ्यांना अभिमानाने शिकवलं. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले. आणि त्याच बडोद्यात १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू झाल्यावर त्यांना राहायला घर मिळालं नाही. कामाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी केलेल्या संकल्पाची जागा आज आपण संकल्पभूमी म्हणून दाखवतो. वरचा कायदा उदार असून ओटल्यावरचा समाज असा होता. त्या समाजातल्या गावपंचायतीत कोण निवडून येत असेल आणि कोणाची विहीर आधी मंजूर होत असेल, याचा विचार करूनच तक्ता भरा. नर्मदाकाठ, तुझ्या कागदावर दोन विहिरी आहेत ना? त्या कुठल्या वस्तीतल्या, ते शोध. निवडणुकीच्या निकालापेक्षा ते जास्त सांगेल.

दप्तरीकाका

मावशी, तुमचं मतदारांविषयीचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. विहिरींचा मुद्दा तर माझ्या मनातला बोललात. नोकरीत असताना जुन्या कामांच्या याद्या वाचताना मी नेहमी वस्तीचं नाव शोधायचो, आणि बहुतेक वेळा ते लिहिलेलंच नसायचं.

पण ही सगळी रचना पोकळ होती असं कुणी म्हटलं तर मी मानणार नाही. कारण पैसा. शेतसाऱ्याबरोबर लोकल सेस वसूल व्हायचा, आणि त्यातून गावरस्ते, विहिरी, तलाव, धर्मशाळा ही कामं या बोर्डांकडून व्हायची. सुभा अध्यक्ष असला तरी समोर बसलेल्या पाटलाला माहीत असायचं की सेस आपल्या गावातून किती गेला आणि आपल्याकडे खडी किती आली. तो सभेत विचारायचा. आपल्या पैशाचा हिशेब अंमलदाराला तोंडावर विचारायची सवय या मुलखाला या बोर्डांनी लावली, असं माझं पक्कं मत आहे. वर १९०८ मध्ये धारासभा, म्हणजे संस्थानचं विधिमंडळ, आली, १९४० च्या सुधारणेत तिथे निवडून आलेल्यांचं बहुमत झालं. त्या सुधारणेची मागणी करणारी पिढी कुठे शिकली? गावच्या चावडीवर आणि तालुक्याच्या बोर्डात.

नर्मदाकाठ ताई, १९४९ नंतर मुंबई राज्याची पद्धत आली, म्हणजे कोथरूडकर साहेब म्हणतात तसं जिल्हा लोकल बोर्ड. या भागासाठी त्यांचा १९२३ च्या कायद्याचा धागा उपयोगी पडेल. मग १९६० ला गुजरात वेगळं झालं. पहिले मुख्यमंत्री डॉ. जीवराज मेहता, आणि हेच गृहस्थ विलीनीकरणाआधी बडोदा संस्थानचे शेवटचे लोकनियुक्त मुख्यमंत्री. त्यांच्या सरकारने १९६१ चा पंचायत कायदा केला, रसिकलाल परीख समितीच्या शिफारशींवरून. तो १ एप्रिल १९६३ ला अमलात आला आणि लोकल बोर्ड संपलं. महाराष्ट्रात जिल्हा परिषद आणि पंचायत समिती, आमच्याकडे जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायत. मोठा फरक असा की गुजरातने शेतसारा गोळा करायचं कामसुद्धा पंचायतीकडे दिलं आणि तलाटी पंचायतीचा नोकर झाला. कलेक्टर बाजूला, जिल्हा विकास अधिकारी पुढे, आणि अध्यक्ष लोकांनी दिलेला. आमच्या कचेरीतले म्हातारे शिरस्तेदार हा बदल सांगताना हरखून जायचे. वहिवाटदाराच्या, म्हणजे मामलेदाराच्या, खुर्चीशेजारी पंचायत प्रमुखांची खुर्ची आली, तिला त्यांनी स्वतःच्या हाताने गादी शिवून घातली होती.

१९८७ नंतर एकदम १९९५, ही मोकळी जागा तुमच्या तक्त्यात दिसली असेल. ती तुमच्या शोधातली उणीव नाही. निवडणुका तेव्हा लांबतच जायच्या. पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३ मध्ये लागू झाली, गुजरातचा नवा कायदा १९९४ मध्ये अमलात आला आणि राज्य निवडणूक आयोग उभा राहिला. तेव्हापासून पाच वर्षांची शिस्त आली. १९९५ मध्ये बायकांना एक तृतीयांश जागा, २०१५ मध्ये निम्म्या. मावशींच्या प्रश्नाचा एक भाग तिथे सुटायला लागला, पण केवढ्या उशिरा! मी ती १९९५ ची मोजणी जवळून पाहिली. वाघोडियाकडच्या एक बाई, नऊवारीसारखा काछडा मारलेल्या, निकालाचा कागद हातात घेऊन पुन्हा पुन्हा मला वाचायला सांगत होत्या. आपलं नाव छापलेलं त्यांना ऐकायचं होतं.

कोथरूडकर

काका, मनापासून धन्यवाद. आपल्याकडे संस्थानी मुलखाचा इतिहास लिहिताना राजा आणि दिवाण यांच्यापुढे फारसं कुणी जात नाही. हे सगळं नवीन होतं. मग आजचा वडोदरा जिल्हा आणि जुना प्रांत यात सारखेपणा किती?

दप्तरीकाका

चांगला प्रश्न. १९९७ मध्ये तिलकवाडा नर्मदा जिल्ह्यात गेला. २०१३ मध्ये छोटा उदेपूर वेगळा जिल्हा झाला आणि संखेडा, नसवाडी, कवाट, जेतपूर पावी त्यात गेले. उरले वडोदरा, पादरा, करजण, डभोई, शिनोर, सावली, वाघोडिया आणि सावलीतून निघालेला डेसर. पेटलाद, भादरण, संखेडा, तिलकवाडा सोडले तर हा जवळजवळ जुना बडोदा प्रांतच. ताईंनी १९११ ची तुलना करायचीच तर २०१५ आणि २०२१ शी करावी, मधल्या पन्नास वर्षांशी नाही. तालुके धरून चाला, जिल्हा धरू नका. शिनोर १९०५ ला होतं, आजही आहे.

नर्मदाकाठ

काका, तुमचं वाचून कागद पुन्हा उलगडला. भिंग घेऊन बघितलं. पणजोबांच्या नावाखाली बारीक अक्षरात "शिनोर तालुका पंचायत तरफथी" असं आहे. इतके दिवस तो मला पत्त्याचाच भाग वाटत होता!

मावशी, विहिरींच्या पुढे गावांची नावं आहेत, वस्ती लिहिलेली नाही. पण त्यातलं एक गाव शिनोरपासून जवळ आहे. तिथे माझ्या चुलत्यांच्या ओळखीचे लोक आहेत. त्यांना विचारणार आहे.

दप्तरीकाका

मग तर काम झालं. "तालुका पंचायत तरफथी" म्हणजे तालुक्याने पाठवलेले. सरकारने नेमलेल्याच्या नावाखाली तालुका पंचायतीचा उल्लेख यायचं कारण नाही. आजी बरोबर होत्या. निवडून आलेच होते, फक्त मतदार वेगळे होते.

पक्का पुरावा हवा असेल तर दोन ठिकाणं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत आणि विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत संस्थानच्या राज्यकारभाराचे वार्षिक अहवाल मागा. १९०४-०५ पासून पुढचे. त्यात लोकल बोर्डांचं प्रकरण वेगळं असतं, प्रांतवार. तिथे बोर्डाची रचना आणि खर्च कळेल. नावासाठी "आज्ञापत्रिका" हे संस्थानचं सरकारी पत्र बघा, १९१० आणि १९११ ची दोन्ही वर्षं. गुजराती वाचता येतंच तुम्हाला. पानं फार ठिसूळ असतात, ग्रंथपालांना आधी फोन करून जा आणि फोटोची परवानगी लेखी घ्या.

तक्त्याचे रकाने असे करा: साल, तालुका, नाव, कोणी पाठवलं, सभेपुढचं काम, त्याला लागलेला पैसा. मावशींसाठी सातवा रकाना ठेवा, वस्तीचा. बहुतेक ओळींत तो रिकामा राहील. तसाच रिकामा छापा.

फतेहगंज_मावशी

हंसा मेहता लायब्ररीत जाशील त्या दिवशी मला कळव. मी फतेहगंजातच राहते, चालत येईन. जुन्या अहवालांच्या इंग्रजी आणि गुजराती प्रती वेगवेगळ्या कपाटात असतात, दोघी मिळून बघू.